गायरानावरची आमरी

१३ जुलै २०२५, रविवार

मार्चनंतर इथे एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. आधी ‘कामाचा ताण’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. बियाणं कंपनीत उगवणक्षमता तपासणाऱ्याला जूनपर्यंत ताण असतो हे खरं. पण जुलैचे बारा दिवस कुठे गेले?

आज घटनाच तशी आहे. राजूरच्या पुढे, आमच्या गावच्या गायरानात आमरी, म्हणजे ऑर्किड, सापडली. झाडावरची नाही, जमिनीवरची. मुरमाला चिकटलेलं एकच गोल पान, त्यातून बोटभर दांडा, वर पांढरं फूल. बी.एस्सी.ला वाळून तपकिरी झालेली पाहिली होती, कागदावर डकवलेली. जिवंत पहिल्यांदाच. त्रेचाळीस रोपं मोजली.

जिल्ह्यात तिची नोंद नसावी. (असेल तर मला माहीत नाही.)

संकल्प: मोजणी, फोटो, वनखात्याला पत्र, संरक्षण. याच क्रमाने. चाळिशीत माणसाने एक तरी काम तडीला न्यावं.

१४ जुलै

दुरुस्ती: बेचाळीस. एक रोप दोनदा मोजलं होतं.

प्रियदर्शनीला फोटो दाखवले. म्हणाली, छान आहे. गच्चीवरचा तुझा गांडूळखताचा प्रकल्पही असाच छान होता. ही टीका नाही, असं मी ठरवलं. नवराबायकोत एवढं चालतं.

१९ जुलै, शनिवार

ट्रायल प्लॉटवरचे जुने लाल झेंडे कंपनीतून आणले. भंगारात जाणार होते, तरी रजिस्टरमध्ये नोंद केली. प्रत्येक रोपाशी एक, नंबर टाकून. दुरून फार शास्त्रीय दिसतं.

तेवढ्यात आसराबाई शेळ्या घेऊन आल्या. तीस वर्षं त्या याच माळावर चारतात. शेळ्यांमुळे फुलाला धोका आहे, हे मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं. त्या म्हणाल्या, शेळ्या याला तोंड लावत नाहीत. त्या गवत खाऊन ऊन मोकळं करतात म्हणून तर हे वर येतं. हे मला माहीत असायला हवं होतं. माझा विषय आहे.

मग झेंड्यांकडे बघत म्हणाल्या, “हे उपटून घे बाबा. झेंडा दिसला की लोकं ट्रॅक्टर आनतेत.”

समजावलं की हे जमीन मोजणीचे नाहीत, फुलांचे आहेत.

“ते तुला ठावं. झेंड्यावर लिव्हलंय का तसं?”

नंबर लिहिलेत, असं मी सांगितलं. घरी आल्यावर वाटलं, हे उत्तर नव्हतं.

निष्कर्ष: जनजागृतीची गरज. पुढच्या रविवारी ग्रामपंचायतीत स्लाइड शो.

२२ जुलै, मंगळवार

कल्याणचा फोन. धाकटा भाऊ, गावची शेती तोच बघतो. गायरानात मोजणी होऊन राह्यली का, सोलरवाले जमीन घ्यायला येणार का, असं विचारत होता. मी म्हटलं, झेंडे माझे आहेत, आमरीचे. इतर काही नाही. तो “बराबर” म्हणाला आणि फोन ठेवला.

पटलं त्याला. सरळ सांगितलं की पटतं.

२४ जुलै

स्लाइड्स तयार, अठरा. वनखात्याच्या पत्राचा चौथा मसुदा. ‘दुर्मिळ’ लिहावं की ‘तुलनेने दुर्मिळ’, इथे अडलोय. चुकीचा शब्द सरकारदरबारी जायला नको.

२७ जुलै, रविवार

गायरान नांगरलं.

मोजणी आली की ज्याची नांगरट त्याचा कब्जा, असा इथला हिशेब. एकाने बुधवारी नांगर घातला. मग बाकीच्यांना थांबता येईना. शुक्रवारपर्यंत सात ट्रॅक्टर. मुरूम उलटा पडलाय आणि वाटाण्याएवढे पांढरे कंद उन्हात. झेंडे मात्र सगळे शाबूत. सरकारी समजून लोकांनी ते उपटून नव्या बांधांवर नीट रोवलेत, नंबरवारीने.

आसराबाई रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. शेळ्या डांबराशेजारचं गवत खुडत होत्या. आता कुठे चारणार, विचारलं.

“चारायच्या न्हाईत. इकायच्या.”

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. स्लाइड शोला कोणी आलं नाही. सगळे गायरानात होते.

सायंकाळी कल्याणकडे चहा. बुधवारचा पहिला नांगर त्याचा. खुशीत होता. “तू सरळ बोलला न्हाईस दादा, पन मी समजलो. कंपनीतल्या मानसाला फोनवर सगळं बोलता येतंय का? तुझ्या नावानं दोन एकर धरलंय.”

मी त्याला आमरीबद्दल पुन्हा एकदा सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, बरं, आमरी तर आमरी.

२८ जुलै

दिवसभर विचार केला. दोन एकर नाकारले तर दुसरा कोणी घेणार आणि कायमचं पीक काढणार. माझ्या नावावर राहिले तर मी ते पडीक ठेवीन. एखादा कंद खाली राहिला असेल. आमरीचं बी ज्या बुरशीशिवाय रुजत नाही ती मातीत टिकली, तर पाच-दहा वर्षांत पान दिसेल. आसराबाईंनाही तिथे चारू देता येईल. शेळ्या राहिल्या तर.

कल्याण म्हणतो, पेरा दिसल्याशिवाय कब्जा धरत नाहीत. यंदा तूर टाकावीच लागेल. मान्य केलं. फक्त यंदा.

हे अतिक्रमण नाही, संरक्षण आहे. (वाक्य दोनदा वाचलं. तसंच ठेवतो.)

तलाठ्याकडे कब्जेदारांच्या नावांची यादी होतेय.

उद्या: आधार कार्डाची झेरॉक्स काढणे.