टोळीतली मुकादमबाई

४ जून

ती. आजीस,

तुझ्या गुंडीचा सा. न. वि. वि. इकडे सगळं ठीक. तू गुडघ्याला तेल लावत नाहीस, अशी बातमी आत्याकडून आली आहे.

मी काय काम करते ते तुला फोनवर सांगून थकले. निम्मं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहिते. टेबलाभोवती बसून खेळायचा हा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे चौघे-पाच जण त्या गोष्टीतले योद्धे होतात आणि फासे टाकून लढतात. त्यांच्यासमोर उभे करायचे शत्रू मी तयार करते. राक्षस, साप असले नव्हेत, माणसासारखे. बोलणारे, चालणारे, घाबरणारे.

एका खेळ छापणाऱ्या कंपनीने मला एक लढाई परीक्षेसाठी दिली आहे : पूल अडवून बसलेली सहा जणांची टोळी. जमलं तर शत्रूंचं अख्खं पुस्तक माझं. नाही जमलं, तर बाबांच्या मित्राच्या कचेरीत एक टेबल रिकामं आहे, आणि बाबा जुलैच्या मध्यापर्यंतच थांबणार आहेत. पहिला खर्डा वाचून संपादक म्हणाले की तुझे सहाही जण मार खायला रांग लावून उभे आहेत. त्यांचं खरं आहे, पण काय बदलू ते सुचत नाही. कागद सोबत पाठवते. तुला कळेल असं नाही, पण तू वाचलास की मला बरं वाटेल.

तुझी,
गुंडी

११ जून

चि. गुंडी हिस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा कानामात्रा कुठे सुटली असेल तर तूच टाचून घे. गुडघ्याचं म्हणशील तर तेलाने कमी होणारं ते दुखणं नाही, आणि तुझ्या आत्याला दुसरा उद्योग नाही.

कागद दोनदा वाचला. मला कळणार नाही असं लिहिलंस, त्याचा राग आधी गिळला. मग शेजारच्या मास्तरीणबाईंना वाचून दाखवला, त्यांनी त्यात शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, तो त्यांचा स्वभाव. माझं म्हणणं वेगळं आहे. सहाही जणांच्या हातात एकसारखी तलवार, सहाही जण एकसारखे रागावलेले. दोन वर्षं रानात राहिलेत म्हणतेस, मग त्यांच्यात भांडी कोण घासतं? फाटलेलं कोण शिवतं? कोणाचं कोणाशी पटत नाही? अगं, सहा माणसं एका खोलीत दोन दिवस राहिली तरी उशीवरून भांडतात.

आमच्या गणवेशाच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली चौदा मुकादम म्हणून, हे तुला पाठ आहे, तरी ऐक. एकदा नवा साहेब आला. इस्त्रीवाली उंच आणि आवाजाची, म्हणून त्याला वाटलं हीच पुढारी. तिला दम दिला. काम तसूभर हललं नाही. आणि कापणारी, जी दिवसभरात चार शब्द बोलायची नाही, ती अर्धा दिवस रजेवर गेली की अकरा जणी हात चोळत बसायच्या. तुझ्या टोळीत अशी कोणी आहे का, जी नसली की सगळं ठप्प? असेल तर तिला पुढे उभी करू नकोस. अशी माणसं पुढे उभी राहत नाहीत.

दुसरं. तू लिहिलंस, सगळे मरेपर्यंत लढतात. का? त्यांना घरदार नाही? एकदा इस्त्रीच्या खोलीतून धूर आला. काजं करणारी पोर चप्पल न घालता पळाली. इस्त्रीवाली छत्री घ्यायला परत आत गेली, माझ्या शिव्या खाल्ल्या. कापणारीने आधी कापड दुमडलं, मग निघाली. धूर एकच, पण प्रत्येकीची निघायची वेळ वेगळी. तुझ्या सहा जणांची ती वेळ लिही. कोण पहिल्या ओरखड्याला पळेल, कोण भावाला सोडून हलणार नाही. मग ती माणसं होतील. आत्ता ते खुंटीला टांगलेले सदरे आहेत.

जेवणाच्या वेळा पाळ. बाबाला म्हणावं, पोरीच्या मागे घड्याळ लावू नकोस.

माया आहेच, ती धुऊन आटणारी नव्हे.
आजी

२७ जून

ती. आजीस,

सा. न. वि. वि. आधी पाया पडते, मग सांगते.

तुझं पत्र टेबलावर ठेवून टोळी पुन्हा मांडली. एक तिरंदाज, रक्त बघितलं की पळणारा. दोघे भाऊ, एक पडला की दुसरा शस्त्र टाकतो. एक उंच, मोठ्या आवाजाचा, ज्याला सगळे पुढारी समजतात. एक पोरगेला, भुकेला. आणि पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी. हातात शस्त्र नाही, पण कोणी कुठे उभं राहायचं ते ती ठरवते. तिचं नाव मी मुकादमबाई ठेवलं.

संपादकांनी म्हातारीवर लाल रेघ मारली. म्हणाले, म्हातारीशी लढायला कोण येतं, तिथे कुऱ्हाडवाला दांडगा घाल. बाबा म्हणाले, नोकरी देणाऱ्याचं ऐकावं. मी दोन रात्री विचार केला, आणि संपादकांना विचारलं की दोन्ही टोळ्या एकाच दिवशी खेळून बघू का. जी रंगेल ती घेऊ, ते म्हणाले.

परवा चार मुरलेले खेळाडू आले. दांडग्याची लढाई वीस मिनिटांत संपली, एक जण तर मध्येच मोबाइल बघत होता. मग तुझी पाळी. आजी, तीन तास. पहिला दीड तास त्यांचं म्हातारीकडे लक्षच नव्हतं, सगळे उंचाड्यावर तुटून पडले. तो पडला तरी टोळी हलली नाही, कारण तिने माणसं मागे घेतली आणि जाताना पुलाच्या फळ्याही काढून नेल्या. चौघे हरले. आणि उठेनात, आत्ताच्या आत्ता पुन्हा खेळू म्हणायला लागले. संपादकांनी माझ्यासमोर लाल रेघ खोडली.

पण एक अट घातली. ज्याला हरवताच येत नाही असा शत्रू पुस्तकात जात नाही. दहा जुलैच्या आत तिचं एक खरं कच्चं अंग शोधायचं, सापडलं तर पुस्तक माझं. मी पान पान घासलं, मला सापडत नाही. लहानपणापासून शोधते आहे. आता तूच सांग, तुला कसं हरवायचं?

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर येऊ दे.
गुंडी

४ जुलै

चि. गुंडी हिस,

आशीर्वाद इतके, की पाकिटाला जादा तिकीट लागेल. वि. वि. तुझं पत्र दवाखान्यात, भाजीवाल्याकडे आणि जिन्यात दोनदा वाचून झालं. नातीने मला शत्रू केलं, असं मी सांगते. मास्तरीणबाईंनी विचारलं, यात अपमान नाही का. मी म्हटलं, साधीसुधी बाई शत्रू होऊ शकत नाही, त्याला एकतीस वर्षं नोकरी लागते.

माझं कच्चं अंग मला माहीत नव्हतं. आपलं आपल्याला कुठे दिसतं? म्हणून शुक्रवारी तिघींना बोलावलं : कापणारी, काजंवाली, इस्त्रीवाली. तिघींचे मिळून दात वीस. टेबलावर पट्टी ठेवून पूल केला, माणसांच्या जागी बटणं. मी मुकादमबाई. म्हटलं, या आता.

इस्त्रीवाली आरडाओरडा करत आली, तिला मी घोळात घेतलं. काजंवाली दोनदा फासे टाकून पळाली, तिची सवय. मला वाटलं झालं. तेवढ्यात कापणारीने फासे खाली ठेवले. म्हणाली, खेळातली माझी बाई शस्त्र न घेता पुलावर येते, तिच्या झग्याची बाही उलटी जोडलेली आहे, शिवण बाहेर. एवढंच बोलली. मी म्हटलं, बस इथे, आधी ती उसव. आणि उसवायचं कसं, दोरा कुठून ओढायचा, ते सांगत बसले. मान वर केली तेव्हा तिघींची बटणं पुलापलीकडे होती आणि इस्त्रीवाली हसून हसून टेबलावर पडली होती. पाव तास लागला त्यांना, तुझ्या मुरलेल्यांना तीन तासांत जमलं नाही ते.

तर लिही : चुकीची शिवण दिसली की मुकादमबाई पहारा सोडते. संपादकांना सांग, पारखून घेतलेलं आहे, तिघींची साक्ष आहे. आणि बाबाला मी स्वतः फोन करून सांगितलं की त्या कचेरीतलं टेबल गरजूला जाऊ दे, आपल्या पोरीला पुस्तक लिहायचं आहे. तो काही बोलला, मला ऐकू आलं नाही.

हरले म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. एकतीस वर्षांत वाकडी टीप माझ्या टेबलावरून पुढे गेली नाही, ती पुलावरून तरी का जाऊ द्यावी?

पुस्तकाची वाट बघणारी, तुझी शत्रू,
आजी