तुमच्या चपला

बाबा, काल डोंगरकडा गावचा तो माणूस हिंगोलीत माझ्या दारात आला. तुमची भारुडं ऐकून वेडा झालेला, तुमचा पाय मुरगळला म्हणून आपल्या केळीच्या मळ्यात घेऊन गेलेला आणि मग सोडायलाच तयार नसलेला. आता पार वाकलाय. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. "बुवांची ठेव हाय, सांभाळा," म्हणाला. झाकण उघडलं. आत तुमचे केस, पुडीत बांधलेली कापलेली नखं, पानाची पिंक वाळून काळा पडलेला तुमचा रुमाल. एवढी वर्षं हे घरात ठेवून हा माणूस जेवत कसा होता?

तसं त्याचं जेवण मी पाहिलंय. मी दहा वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी म्हणून तुमच्यासोबत आलेली. तो स्वतः तुमच्या पायाला हळदीचा लेप लावतो आणि लावताना डोळे मिटून घेतो. तुम्ही जेवून उठलात की तुमच्या ताटातलं उष्टं बोटानं निपटून खातो. रोज संध्याकाळी त्याला तेच एक भारूड लागतं. तुमचा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की वाढलेलं ताट तो हळूच मागे ओढतो आणि हसत म्हणतो, "बराबर म्हणा, बुवा. मंग जेवा." दाराला कुलूप नव्हतं, कुणी आवाजही चढवत नव्हतं. गावाला तो पाहुणचारच वाटायचा.

सूज उतरली त्या सकाळी तुम्ही पिशवी भरलीत. बाहेर जीप उभी होती आणि चपला गायब. पाहुण्याला ठेवून घ्यायचं असलं की आपल्याकडे चपला दडवतातच, त्यामुळे सगळं घर हसलं आणि जीपवालाही हसत निघून गेला. अनवाणी जातो म्हणालात, तर त्यानं भर अंगणात तुमचे पाय धरले ते सोडेचना. "मी न्हाई दडवल्या," तो म्हणत होता, "पण देवाचीच मर्जी दिसून राहिली." पुढं अकरा दिवस तुम्ही गायलात. मामा न्यायला आला तेव्हा तुमच्या थुंकीत रक्त होतं. आवाज फाटला तो कायमचाच. चपला चोरून त्यानं माझा गळा घेतला, असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, आणि मी तुमच्या उशाशी बसून मान हलवत राहिले.

काल मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. उठताना तो म्हणाला, "पोरी, खरं सांगतो, त्या चपला मी दडवल्या न्हाईत. घावल्या असत्या त या डब्यात नसत्या का?"

मी दार लावून घेतलं. त्या चपला मी केळीच्या पाचोळ्याखाली पुरल्या होत्या, बाबा. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी माझ्यासाठी तुम्ही कधी गायला नाहीत, तिथं रोज ऐकायला मिळत होतं. तुम्ही शब्द चुकलात की त्याच्याइतकाच मलाही राग यायचा. हे तुम्ही असताना सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. आता हा कागद पाठवायचा तरी कुठं?

डबा आज सकाळी घंटागाडीत टाकला. रुमाल काढून घेतलाय.