रिकामी क्लिप

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार, ११ फेब्रुवारी

प्रिय आरू,

मी बरी आहे. आईने मंगळवेढ्याहून एसटीने हुरडा पाठवला, सोबत तुझा फोटो छापलेलं वर्तमानपत्र. परदेशातल्या फुटलेल्या अणुभट्टीवर हेलिकॉप्टरमधून वाळू टाकणारी गावची लेक! बजाआत्या गल्लीभर दाखवून आली. मला फोनवर म्हणाली, "आन् तू काय करतीस गं दवाखान्यात? एक्सरेचं फोटू काढतीस व्हय?"

म्हटलं, किरणोत्सर्ग मोजते.

"मंजी बसूनच की!"

बसूनच. पायलटचा फॉर्म मी आणला होता, दोघींचा मीच भरला. रंगांच्या चाचणीत मी नापास झाले, तू पास. सात वर्षं झाली. तो ठिपक्यांचा तक्ता अजून डोळ्यांसमोर आहे.

तुझा फोटो मी आईपेक्षा जास्त वेळ पाहिला. प्रेमाने नव्हे. काहीतरी चुकलेलं सापडावं म्हणून. सापडलं. खिशावर क्लिप आहे, किरणोत्सर्ग मोजणारा बॅज नाही.

मागच्या आठवड्यात तू हसत म्हणालीस, "ताई, शेजारच्या सीटवरच्या धनाजीची किरणांची मर्यादा संपली, त्याला खाली बसवलं. माझा आकडा त्याच्या निम्माच, मी अजून उडतेय." तेव्हा वाटलं, किरणंसुद्धा हिचेच लाड करतात. पण शेजारी बसणाऱ्या दोघांचे आकडे असे येत नाहीत. आकडा कमी यावा म्हणून बॅज तू शिशाच्या पत्र्यात गुंडाळून ठेवतेस.

तू मात्र पत्र्यात नाहीस. वाळू सुटेपर्यंत अणुभट्टीच्या छपरावर एका जागी तरंगायचं, क्रेनच्या तारा हेलिकॉप्टरच्या पंख्यापासून दहा मीटरवर. जितकं खाली, तितकी किरणांची मात्रा जास्त. मळमळ आणि चक्कर आली, तर ती त्या तारांमध्येच येईल.

हे मला शनिवारी, फोटो पाहताना कळलं. तुला खाली उतरवता येईल म्हणून आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली, आणि मी गप्प बसले. चार दिवस, रोज तीन फेऱ्या. त्या बारा फेऱ्या माझ्यामुळे झाल्या.

आज सकाळी तुमच्या पथकाच्या डॉक्टरांना सगळं कळवलं. हे वाचशील तेव्हा तुझं उड्डाण थांबलेलं असेल. ताईने जळून केलं, असं म्हणशील. म्हण. मी नाही म्हणणार नाही.

रक्त तपासून घे. आकडा मला पाठव. खरा.

जमिनीवर तुझी वाट पाहणारी,
ताई