बाटली वाजवून बघणाऱ्याचं नाव

आबा,

जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तुमचं नाव विचारलंय. अर्थात ते तुमचं आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्या विचारतायत माझ्या कॉलेजातल्या सरांचं नाव, आणि तसे सर कधी नव्हतेच. होतात ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन आता अकरा वर्षं झाली. बाईंच्या तळघराच्या दाराशी एक लाकडी पाटी आहे. ज्यांनी ज्यांनी त्या घराला काही शिकवलं त्यांची नावं तिच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली असतात. द्राक्षं तोडायच्या आधी दर वर्षी ती नव्याने रंगवतात. या वेळी खालची एक ओळ मोकळी ठेवली आहे, स्पेलिंग नीट कळव, एवढंच त्यांनी लिहिलंय. तीन आठवडे झाले, मी काहीच कळवलेलं नाही.

तुम्ही होतात तेव्हा मी मुंबईच्या एका हॉटेलात टेबलं मांडत होते. आता परदेशी वाइन मागवणाऱ्या एका कंपनीत आहे. या बाईंच्या मळ्याचा माल आम्ही विकतो, म्हणून मागच्या वर्षी दोन महिने मला तिकडे शिकायला पाठवलं होतं. नदीच्या काठावर सरळ चढ, चढावर द्राक्षाचे वेल, वेलींवर विषारी फवारणी नाही, दोन ओळींमधलं गवतसुद्धा ते उपटत नाहीत. फेसाळत्या वाइनला तिकडे सेक्ट म्हणतात. वाइन बाटलीत भरताना थोडी साखर आणि खमीर घालून तोंड बंद करायचं, मग ती आतल्या आत पुन्हा आंबते आणि तिचा गॅस तिच्याच पोटात कोंडून राहतो. खाली गाळ बसतो. तो तोंडाशी आणायला बाटल्या फळ्यांच्या भोकांत उलट्या अडकवतात आणि रोज हाताने जराशा फिरवतात. हे सगळं घरचीच माणसं करतात. बाई पंच्याहत्तरीच्या पुढच्या, तरी सकाळी चहाच्या आधी पाचशे बाटल्या फिरवून येतात. त्यांचे हात मी निरखून बघितले. बोटांच्या पेरांवर भेगा, नखं आखूड, अंगठा जरा वाकडा. असे हात मी आयुष्यात फक्त एकाच माणसाचे बघितले होते.

सिंधी वस्तीतल्या कॅम्प दोनच्या मागच्या गल्लीतला, तुम्ही कामाला होतात तो सोड्याचा कारखाना. तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा, डाव्या हाताला ओलं गोणपाट गुंडाळलेलं, आणि समोर ते लोखंडी यंत्र, ज्यात बाटली अडकवून उलटी फिरवली की काचेची गोळी फटकन तोंडाशी येऊन बसायची. रविवारी आई मला डबा घेऊन पाठवते. रिक्षातून उतरलं की गल्लीच्या तोंडापासूनच बाटल्यांचा आवाज ऐकू येतो. तुम्ही डबा लगेच उघडत नाही. आधी मला बाजूच्या बाकड्यावर बसवता आणि म्हणता, "बाटलीच्या समोर तोंड न्यायचं नाय. तिला पाठ बी दाखवायची नाय. बाजूला ऱ्हायचं." मग धुऊन आलेल्या बाटल्या एकेक करून उचलायच्या, मानेला दोन बोटांत लोंबकळत धरायच्या आणि पोटावर नखाने टिचकी मारायची. चांगली असेल तर ती लांबवर वाजत राहते. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर आवाज मध्येच मरतो. तुम्ही ते मला शिकवलंत, म्हणजे शिकवलं असं तुम्हालाही वाटलं नसेल. पोरीला कामाला लावलं, एवढंच. पण चौथी-पाचवीपर्यंत मी पन्नासातल्या दोन तडकलेल्या बाटल्या डोळे मिटून बाजूला काढायला लागले. एकदा तुम्ही चांगली म्हणून पुढे सरकवलेली बाटली मी मागे ओढली आणि तुम्ही ती उन्हात धरली, तर बुडाशी चीर. शेठ गल्ल्यावरून उठून आला. "अरे साईं, छोरी के कान तो तेरे से भी तेज हैं!" तुम्ही मुखवट्याआड हसलात. जाळीतून दात दिसले म्हणून मला कळलं.

नंतर त्याच कानांनी मी काय ऐकायचं आणि काय नाही ते ठरवायला लागले. हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, वडील काय करतात. मी म्हटलं, "बेव्हरेज लाइनमध्ये आहेत." किती हुशार उत्तर, नाही का? त्यात खोटं काहीच नव्हतं. शेवटच्या वर्षी कॉलेजच्या खाद्यमहोत्सवात सोडा हवा होता आणि ऑर्डर गेली नेमकी तुमच्या शेठकडे. मला ते माहीत नव्हतं. तुम्ही टेम्पोतून उतरलात, खांद्यावर क्रेट, पायात ती रबरी चप्पल, आणि थेट माझ्यासमोर. मी काळ्या कोटात. दोन्ही बाजूंना वर्गातल्या मुली. तुमचे डोळे माझ्याकडे वळले आणि तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "भैया, वो क्रेट उधर रख दो."

तुम्ही म्हणालात, "हां मॅडम."

आबा, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्ही टेम्पोतले चारही क्रेट मी दाखवलेल्या कोपऱ्यात नीट लावलेत, एकही बाटली न वाजवता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोह्यांच्या बशीत मान घालून बसले होते. तुम्ही चिडाल, निदान गप्प बसाल, असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "कोटाची उजवी बाही लांब हाय. दे, टेलरला दावतो." आणि खरंच घेऊन गेलात. तुम्ही कानाखाली एक ठेवून दिली असती तर मी रडून मोकळी झाले असते. ती बाही बरोबर करून आणलीत आणि मला कायमची अडकवून ठेवलीत. हा राग खोटा आहे हे मला कळतं. तुम्ही मला वाचवत होतात, आणि मला तुमची माफी मागायची हिंमत झाली नाही.

एवढं होऊन माणूस कानाला खडा लावतो. मी नाही लावला. बाईंच्या मळ्यावर मे महिन्यात नवीन बाटल्या भरायचं काम चाललं होतं. खोक्यातून एकेक काढून पुढे द्यायची एवढंच माझं काम. तिसऱ्या-चौथ्या बाटलीला माझी दोन बोटं आपोआप मानेशी गेली आणि नखाने टिचकी बसली. मी थांबवायचं म्हटलं तरी हात थांबेना. दुपारपर्यंत तीन बाटल्या बाजूला निघाल्या. बाईंचा मुलगा हसला. नवीकोरी काच आहे, कारखान्यातून तपासून आलेली, म्हणाला. पण बाईंनी त्या तिन्ही बाटल्यांवर खडूने फुल्या मारल्या, भरल्या आणि वेगळ्या कोपऱ्यात ठेवल्या. पुढच्या महिन्याभरात त्यातल्या दोन फुटल्या. बाई काचा फडक्यात गोळा करून स्वयंपाकघरात घेऊन आल्या, टेबलावर ठेवल्या आणि मुलाकडे न बघता मला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

त्याच टेबलावर आदल्या आठवड्यात त्यांनी मला आपल्या वडिलांचा फोटो दाखवला होता. तोंडावर जाळी, मनगटावर आडवा व्रण. बाटली फुटून झालेला तो व्रण त्यांनी मला बोट ठेवून दाखवला होता, एखादा दागिना दाखवावा तसा. म्हणजे तुमचं नाव घ्यायला त्याहून चांगली जागा जगात दुसरी नव्हती. तिथे कुणी हसणार नव्हतं. तरी माझ्या तोंडून निघालं, "कॉलेजात आमचे एक सर होते." पहिल्या दिवशी जेवताना तिथेही मी ते बेव्हरेज लाइनचं सांगून बसले होते, आणि त्यांनी मोठं गेट असलेली कंपनी डोळ्यांसमोर आणली होती. मी ती पुसली नव्हती. आता पुसायची तर सगळंच सांगावं लागलं असतं, अगदी त्या काळ्या कोटापर्यंत. असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे बाई माझ्याकडे ज्या कौतुकाने बघत होत्या, त्यातलं कुणाला काही द्यावं असं मला वाटेना. सरांना दिलं तर चालतं, कारण ते नाहीतच. तुम्हाला दिलं असतं तर ते खरंच तुमचं झालं असतं.

आता तिथे प्रत्येक बाटली भरायच्या आधी वाजवून बघतात. तो हसणारा मुलगासुद्धा वाजवतो. त्याने व्हिडिओ पाठवला होता, मी तो बदलापूरच्या घरात आईसमोर लावला. आईला मोबाइलमध्ये नीट दिसत नाही, तिने नुसतं ऐकलं. म्हणाली, "ह्यांच्यासारखीच टिचकी मारतोय कोण गं?" मी म्हटलं, ऑफिसचं आहे, जर्मनीतलं. तिने मोबाइल कानाशी धरून पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, "तू तिकडं त्यांना सांगितलंस ना आपल्या आबांचं?" मी हो म्हटलं. एकदा म्हटल्यावर तिने शेजारच्या काकूंनाही सांगितलं, की आमच्या ह्यांचं काम आता जर्मनीत करतात. परवा काकूंनी मला जिन्यात थांबवून हात हातात घेतला आणि म्हणाल्या, नशीब लागतं अशी लेक मिळायला. मी हात सोडवून घेतला नाही.

तर ओळ मोकळी आहे. काल बाईंची पुन्हा मेल आली. रंगवणारा सोमवारी येतोय, त्या आधी नाव हवं. मला त्यांना चार शब्द लिहायचे आहेत, बस. तेही जमेना, म्हणून वाटलं आधी तुम्हाला लिहावं, सराव होईल, मन मोकळं झालं की तेही लिहून होईल. आता सगळं परत वाचून बघितलं. एवढं सगळं सांगितलं, पण तुमचं नाव यात कुठेच नाही. विसरले नव्हते, आबा. हे पत्र कुणाच्या हाती लागलं तर, एवढा विचार मी पहिली ओळ लिहायच्या आधीच करून ठेवला होता.