लुसेरोची धर्ममाता

माझी पत्नी सौ. ओतिलिया हिस अनेक आशीर्वाद.

मी फिदेन्सियो बारागान, वय एकाहत्तर, निवृत्त गवंडी, ह्यूस्टनच्या रुग्णालयातून सत्य तेच लिहितो. आपली नात लुसेरो हिचा कर्करोग औषधाला दाद देत आहे. मात्र आपली ग्रिसेल्डा लेकीच्या उशाशी जागून खंगली आहे. मीही थकलो आहे, ते असो.

शेजारच्या खाटेवरील मुलाची आई नोएमी, मूळची होंडुरासची, रोज म्हणे, "झोप गं, मी बसते." ग्रिसेल्डा म्हणे, "परक्यांना त्रास कशाला?" म्हणून आज पाद्रीबाबांकरवी मी नोएमीस लुसेरोची धर्ममाता केले; धर्ममाता म्हणजे घरचेच माणूस.

"आता बोल, मी परकी?" नोएमीने दटावले. "नीज मुकाट्याने!"

तुझा गुडघा कसा आहे?

हे लिहिताना समक्ष हजर: नोएमी व लुसेरो. ग्रिसेल्डाही हजर आहे. परंतु ती गाढ झोपलेली असल्याने तिची साक्ष धरू नये.