डोळे झाकून जा

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. डाव्या हातानं लिहिलेलं, प्रत्येक ओळ उतरणीला लागलेली. चार वेळा वाचलं. 'ताई, सगळ्या घरात तूच एक अशी, जिनं मनात काही ठेवलं नाही,' या वाक्यापाशी चारही वेळा अडले.

इकडे आईचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. मी अजून वस्तुसंग्रहालयाच्या त्याच तळघरात फुटक्या रांजणांचे तुकडे जुळवत बसते. नव्या साहेबांना वाटतं, मी फार सोशिक आहे. तसं सगळ्यांनाच वाटतं. तू त्याच्या प्रवासाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागलीस, आणि सहा वर्षं ज्याला भावोजी म्हणत होतीस त्याला एक दिवस भावोजी म्हणायचं बंद केलंस, तेव्हाही मी भांडले नाही. निमूटपणे घटस्फोटाच्या कागदांवर सही केली. लोक म्हणाले, केवढं मोठं मन!

एक गोष्ट तुला ठाऊक नाही. मी जिन्यावरून पडले आणि पोटातलं मूल गेलं, असं आम्ही घरी सांगितलं होतं. जिनाबिना काही नव्हता. आम्ही एका अरुंद दरीत होतो, खडकात कोरलेल्या जुन्या थडग्यांमधली भित्तिचित्रं बघायला. मला पाचवा महिना होता. आतल्या भिंतीवर हात धुणाऱ्या बायकांची रांग रंगवलेली होती, आणि शेकडो वर्षं उलटूनही निळा रंग बोटाला लागेल असा. तो पातळ कागद लावून रेघा उतरवत होता, मी दिवा धरून उभी. वाटाड्या दोनदा आत येऊन म्हणाला, "वर डोंगरात पाऊस कोसळतोय. इथं पाणी सांगून येत नाही. निघा." हा म्हणाला, "दहाच मिनिटं." दहाची चाळीस झाली. आधी आवाज आला, कुणी गाडीभर दगड ओतावेत तसा. मग पाणी. वाटाड्यानं कड्यावरून दोर सोडला. यानं कागदांची गुंडाळी पाठीला बांधली, माझ्या हातातला दोर काढून घेतला आणि म्हणाला, "आधी मी जातो. हे भिजलं तर सगळंच फुकट."

वाटाड्यानं दोर पुन्हा सोडला, पण तोवर मी वाहत जाऊन पुढच्या कपारीत अडकले होते. चार तास. कंबरेच्या वर पाणी, आणि पोटात काय चाललंय ते मला कळत होतं. पुस्तकात त्यानं लिहिलं, 'पत्नीला किरकोळ खरचटलं.' ते पुस्तक तू मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतंस, आठवतं? आवाज काय सुंदर लागला होता तुझा.

आणि मग गेल्या वर्षी तू आलीस. मी इस्त्री करत होते. तू टेबलाच्या कडेला बसून पाय हलवत सांगत होतीस, की धुमसत्या डोंगराच्या कुशीत राखेखाली गाडलेलं गाव सापडलंय, तिथल्या स्नानगृहाची रंगीत भिंत नुकतीच उकरलीय, वर जायला बंदी आहे पण तो म्हणतो आडवाटेनं जाऊ. मग पाय थांबले. "ताई, तू इतकी वर्षं त्याच्याबरोबर फिरलीस. मला भीती वाटते गं. जाऊ ना?"

मी हातातली बाही पूर्ण केली. तेवढा वेळ मला होता. मग म्हणाले, "तो असताना कसली भीती? डोळे झाकून जा." तू माझ्या गळ्यात पडलीस.

डोंगरानं उकळत्या वाफेचा लोट सोडला तेव्हा तो कॅमेरा छातीशी धरून पळत सुटला, मागे वळूनसुद्धा न बघता, असं तू लिहिलंयस. मला धक्का बसेल असं तू धरून चाललीस. उजवा हात कोपरापासून काढला, हे दवाखान्यातून कळलं तेव्हा आईनं हंबरडा फोडला. मी तिला पाणी दिलं, आणि मग माझा राहिलेला चहा संपवला. चहा गरम होता अजून.

गुरुवारी तुला दवाखान्यातून सोडणार. तो तर तुझ्या पत्रांना उत्तरही देत नाही, म्हणजे तुला यायला हेच एक घर. आईनं माझ्याच खोलीत तुझा पलंग लावलाय. तुझे केस मी विंचरायचे, बटणं मी लावायची, आणि तू रोज म्हणायचं, ताई, तू आहेस म्हणून. ते मला ऐकवणार नाही, म्हणून हे लिहितेय. मी विसरले नव्हते, चिमणे. माझी जीभही घसरली नव्हती. तू परत येऊ नयेस असं त्या दिवशी मला वाटलं होतं. आज तसं वाटत नाही, असं लिहायला पेन उचललं होतं, पण खात्री देता येत नाही. गाडी सकाळी दहाला दवाखान्याच्या दाराशी येईल. बसायचं की नाही ते तू ठरव.

तुझीच,
ताई