शैलाचा रिपोर्ट

४ फेब्रुवारी
शैलाची तपासणी. उपचार संपून दीड वर्ष झालं, तरी हॉस्पिटलात जायचं म्हटलं की सकाळपासून चिडचिड. मी थोरला भाऊ, पण अशा दिवशी गप्प बसतो. स्कॅन झाला. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी.

११ फेब्रु.
नंबर पुकारला तेव्हा शै. बाकावर नव्हती. एकटाच आत गेलो. डॉ. आधी तिच्याशिवाय बोलायलाच तयार नव्हते. मी उठेना, तेव्हा म्हणाले, यकृतावर डाग दिसतायत, बायोप्सी करावी लागेल. पुन्हा तेच निघालं तर पूर्ण बरं होणं नाही, थोडा वेळ मिळेल. तिला घेऊन या म्हणाले.
शै. गेटबाहेर उसाचा रस पीत उभी. माझ्यासाठीही सांगितला होता.
"काही सांगू नकोस, दादा. माझ्या वर्गातल्या मुलांची परीक्षा होऊ दे."
रस प्यायलो.

१३ फेब्रु.
शाळेतून आल्यापासून गॅदरिंगच्या मुकुटांना टिकल्या चिकटवतेय. शेजारच्या वहिनींनी रिपोर्टचं विचारलं. माझ्याआधी शै.च बोलली, चांगला आहे म्हणून. मीही मान हलवली. का हलवली...

२० फेब्रु.
हॉ.तून फोन. बायोप्सी बुधवारी. हो म्हणून टाकलं.
सांगायला गेलो तर केस विंचरत होती. केमोनंतर कुरळे आलेत, आधी सरळ होते. म्हणाली, रविवारी कळंबला जाऊ, इतक्या जवळ आचोळ्यात राहून समुद्र बघितला नाही कधीचा. जाऊ म्हटलं. बाकीचं राहिलं.

२३ फेब्रु., कळंब
पाण्यापर्यंत चालत गेली. परतताना कुशीवर हात दाबून. मी बघतोय हे तिनं पाहिलं.
मग सांगितलंच. डाग, बुधवार, डॉ. म्हणाले ते सगळं. या वेळी अडवलं नाही. बराच वेळ वाळू उकरत बसली.
"मी आले काय, न आले काय. काय बदलणार आहे, सांग."
मी तिच्या चपलांमधली वाळू झटकली.
येताना सुके बोंबील घेतले तिनं. घासाघीस करून.

२६ फेब्रु., बुधवार
घाईत लिहितोय. रिक्षा खाली येऊन थांबलीय. शै. साडी नेसून तयार आहे. हॉ.ची फाइल हातात घेतलीय, खांद्याला शाळेची पिशवीही. हॉ.त जायचं की शाळेत, बोललेली नाही. विचारायचा धीर होत नाही. रिक्षावाला हॉर्न देतोय. ती चप्पल घालतेय